मोटारीतील प्लॅस्टिकला घरी रंग देताना



गळीत हंगाम आटोपला, वाहने अंगणात उभी राहिली, की आपल्याकडे रंगाचे डबे बाहेर निघतात. ट्रॉलीच्या फळ्या, ट्रॅक्टरचे मडगार्ड, घराचे फाटक, पाण्याची टाकी, एकेक करून सगळ्यांवर हात फिरतो. अलीकडे या यादीत मोटारीच्या आतल्या भागाचीही भर पडली आहे. कारण उघड आहे. आपली गाडी शहरातल्या गाडीसारखी सावलीत राहत नाही. फडाच्या बांधावर ती दिवसभर उन्हात उभी असते, उघड्या काचांतून धुरळा आत येतो, मातीच्या हातांनी दार ओढले जाते, मागच्या सिटेवर खताची पोती बसतात. पाचसात वर्षांत डॅशबोर्ड पांढुरका पडतो, दाराच्या आतली पॅनेल ओरखडतात, हँडलावरचा मऊ लेप हाताला चिकटू लागतो. नवा भाग घ्यावा तर किंमत ऐकून माणूस परत फिरतो. मग ट्रॉलीला दिलेल्या रंगातला उरलेला डबा काढून तोच आत मारला जातो.

पहिले आठ दिवस गाडी छान दिसते. पुढे उन्हाने पोपडे सुटतात, नखाने सोलले तर पापुद्रा निघून येतो, आणि आधीचा जुनाट डॅशबोर्ड बरा होता असे म्हणायची पाळी येते. रंग वाईट होता असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा रंगाचा दोष नसतो. पत्र्याची रीत प्लॅस्टिकला लावली, एवढेच झालेले असते.

हे काम घरी करण्यात गैर काही नाही, व ते फार अवघडही नाही. मात्र दोन गोष्टी पक्क्या माहीत हव्यात. प्लॅस्टिकवर रंग कशाने धरतो, ही पहिली. गाडीतल्या कोणत्या भागाला रंगाचा थेंबही लागता कामा नये, ही दुसरी. पहिली चुकली तर पैसे व दोन दिवसांचे श्रम वाया जातात. दुसरी चुकली तर अपघाताच्या वेळी जिवावर बेतू शकते. म्हणून या दोन्हींचा खुलासा या लेखात करत आहोत.

पत्रा आणि प्लॅस्टिक

जुन्या जीपचा डॅशबोर्ड पत्र्याचा असे. पत्रा घासला, गंज काढला, रेड ऑक्साइडचे अस्तर दिले, वर ऑइल पेंट मारला, की काम झाले. पत्रा कठीण असतो, थिनरने त्याचे काही बिघडत नाही आणि अस्तर त्याला घट्ट धरते.

प्लॅस्टिकचे तसे नाही. एक तर ते उन्हाने पत्र्यापेक्षा पुष्कळ जास्त फुगते आणि रात्री आकसते. बंद गाडी उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर ठेवली तर डॅशबोर्डचा वरचा भाग ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. ऑइल पेंटचा थर कालांतराने ताठर होतो. खालचे प्लॅस्टिक हलते, वरचा थर हलत नाही, आणि मग भेगा पडतात. दुसरे असे की, काही प्लॅस्टिके थिनरने विरघळतात किंवा आतून तडकतात. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मोटारीत सर्वांत जास्त वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक मुळातच कोणाला जवळ करत नाही. अळूच्या पानावर पाणी टाकून पाहा. थेंब गोळा होऊन घरंगळतो, पान ओले होत नाही. पॉलिप्रॉपिलीनवर रंगाची गत जवळपास तशीच होते. तो वर बसतो, पण धरत नाही.

तेव्हा आधी आपल्या गाडीत कोणते प्लॅस्टिक आहे ते ओळखावे, मग रंगाच्या दुकानाची पायरी चढावी.

प्लॅस्टिक कसे ओळखावे

भाग काढून उलटा करावा. मागच्या बाजूला बहुधा इंग्रजी अक्षरे दोन कोनांच्या मध्ये उठवलेली असतात. तेथे 'पीपी' असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. 'एबीएस' असेल तर ते रंग सहज धरणारे कठीण प्लॅस्टिक. 'पीसी' व 'एबीएस' यांच्यामध्ये अधिकचे चिन्ह असेल तर दोन प्लॅस्टिकांचे मिश्रण. 'पीपी'च्या पुढे 'टीडी २०' असे काही लिहिलेले आढळते. त्याचा अर्थ त्यात २० टक्के शंखजिऱ्याची भुकटी मिसळली आहे. ती मिसळली तरी रंगाच्या दृष्टीने ते पॉलिप्रॉपिलीनच समजावे.

अक्षरे सापडली नाहीत तर काही जण तुकडा पाण्यात टाकून पाहतात. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते व एबीएस बुडते, हे खरे आहे. पण भुकटी मिसळलेले पॉलिप्रॉपिलीनही जड होऊन बुडू शकते. म्हणून तरंगले तर खात्रीने रंग न धरणाऱ्यांपैकी समजावे, आणि बुडले म्हणून एबीएस आहे असे मात्र धरून चालू नये. शंका असेल तेथे पॉलिप्रॉपिलीन मानूनच पुढचे काम करावे. त्यात तोटा काही नाही, फार तर एक डबा जास्त लागेल.

दाराच्या पॅनेलवर किंवा डॅशबोर्डवर मऊ, चामड्यासारखे आवरण असेल तर ती वेगळी जात. ते आवरण बहुधा रेक्झिनचे, म्हणजे पीव्हीसीचे असते. त्यास लवचीक राहणारा, रेक्झिनसाठीचाच रंग लागतो. कठीण प्लॅस्टिकचा रंग तेथे मारला तर दाबल्याबरोबर तडे जातात.

येथे रंग नको

साहित्याच्या यादीआधी हा भाग मुद्दाम घेत आहोत. घरातील जो कोणी हे काम करणार असेल त्यास हा भाग अवश्य वाचून दाखवावा.

पहिली गोष्ट एअरबॅगची. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. पुढे १ एप्रिल २०२१ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलांना चालकाशेजारील प्रवाशासाठीही ती सक्तीची झाली. त्याआधीच्या काही गाड्यांतही ती आहे. स्टिअरिंगच्या मधोमध, डॅशबोर्डच्या डाव्या अंगाला, आणि काही गाड्यांत सिटांच्या कडेला व छताच्या काठाला ही पिशवी घडी करून ठेवलेली असते. वर 'एसआरएस एअरबॅग' अशी इंग्रजी अक्षरे असतात. धडक बसताच डोळ्याचे पाते लवण्याच्या आत ती फुगते. ती बाहेर यावी म्हणून झाकणाला आतून बारीक खाचा पाडलेल्या असतात व त्या खाचांवरच झाकण फाटते. त्यावर रंगाचे थर चढवले तर झाकण ठरल्याप्रमाणे फाटेलच याची हमी राहत नाही. शिवाय फाटताना वाळलेल्या रंगाचे कपचे त्या वेगाने थेट तोंडावर, डोळ्यांवर येऊ शकतात. थिनरने झाकणाचे प्लॅस्टिक कडक किंवा ठिसूळ होण्याचाही धोका आहे. म्हणून एअरबॅगच्या झाकणाला रंग नाही, थिनर नाही, पॉलिश पेपर नाही. ओल्या फडक्याने पुसावे, एवढेच. ज्यांच्या गाडीत डॅशबोर्डचा वरचा अखंड भाग हेच एअरबॅगचे झाकण आहे, त्यांनी तो पूर्ण भाग तसाच सोडावा.

दुसरी गोष्ट सीट बेल्टची. पट्टा, त्याचे कुलूप व पट्टा गुंडाळणारी पेटी यांना रंग लागू देऊ नये. थिनरने पट्ट्याचे धागे कमजोर होऊ शकतात, आणि कुलपात रंग गेला तर ते ऐन वेळी अडकते.

तिसरी गोष्ट डॅशबोर्डच्या वरच्या, काचेसमोरच्या भागाची. तेथे पांढरा, क्रीम किंवा चकचकीत रंग कधीही देऊ नये. दुपारच्या उन्हात त्याचे प्रतिबिंब पुढच्या काचेत पडते आणि समोरून येणारी बैलगाडी किंवा सायकलस्वार त्या चकाकीत झाकला जातो. मोटारीत हा भाग गडद व बिनचकाकीचा ठेवतात तो याच कारणाने. रंग द्यायचाच तर काळा किंवा गडद राखाडी, आणि मॅट.

चौथे, बटणे. धोक्याचा इशारा देणारे दिवे, काचेवरचे धुके घालवणारी हवा, यांच्या बटणांवरची चिन्हे रंगाखाली गेली तर अंधारात हात चाचपडतो. एसीच्या झडपांच्या सांध्यांत रंग गेला तर त्या चिकटून बसतात.

पाचवे, जेथे हात किंवा पाय सतत लागतो ते भाग. स्टिअरिंगची कडी, गियरची मूठ, दाराखालची उंबरठ्याची पट्टी. घामाने आणि घासण्याने तेथे कोणताच घरगुती रंग टिकत नाही. त्यांना आवरण घालणे बरे.

एवढे वगळल्यावर काय उरते? दारांची कठीण पॅनेल, खांबांवरच्या पट्ट्या (एअरबॅग नसेल तर), गियरच्या भोवतालचा साज, कप्प्याचे झाकण, मीटर व रेडिओच्या भोवतीची चौकट. घरी रंग देण्यासारखे भाग हेच, आणि गाडी जुनाट दिसते तीही मुख्यतः यांच्यामुळेच.

लागणारे साहित्य

मोटारीचे रंग विकणाऱ्या दुकानातून पुढील वस्तू आणाव्यात. प्लॅस्टिकसाठी असलेले अस्तर, म्हणजे प्लॅस्टिक प्रायमर. पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्याच्याही खाली द्यावयाचा पारदर्शक द्रव, ज्यास दुकानात अ‍ॅढीजन प्रमोटर म्हणतात. अ‍ॅक्रिलिक जातीचा, मॅट किंवा अर्धमॅट रंगाचा स्प्रे डबा. शक्यतो तिन्ही वस्तू एकाच कंपनीच्या घ्याव्यात, म्हणजे एकाने दुसरा फाडण्याची भीती राहत नाही. ४०० व ६०० नंबरचा पॉलिश पेपर, भांडी घासायची हिरवी घासणी, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रे, धागे न सोडणारे सुती फडके, भांडी धुण्याचा साबण, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे अल्कोहोल औषधाच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानी मिळते.

दुकानदार कधी कधी 'टू-के' रंग किंवा हार्डनर मिसळायची वार्निश पुढे करतो व ती फार टिकते असे सांगतो. टिकते हे खरे. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याचे तुषार श्वासावाटे गेले तर दमा जडतो, आणि एकदा जडला की पुढे किंचित वासानेही धाप लागते. साध्या मास्कने ते अडत नाही. ज्यांच्याकडे बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा आहे त्यांनीच तो मारावा. घरच्या कामास एकाच डब्यातला साधा अ‍ॅक्रिलिक रंग पुरेसा आहे.

भाग काढणे

रंग शक्यतो भाग बाहेर काढूनच द्यावा. गाडीतच टेप लावून फवारल्यास तुषार सिटांवर, काचांवर व मीटरवर बसतात, आणि कोंडलेल्या जागेत मारणाऱ्याचेही डोके दुखते.

काढण्यापूर्वी बॅटरीची वजा बाजूची वायर सोडावी आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. एअरबॅगच्या यंत्रणेत वीज थोडा वेळ साठून राहते. पिवळ्या रंगाची आवरणे असलेल्या वायरी व जोड दिसले तर त्यांना हात लावू नये. ते बहुधा एअरबॅगचेच असतात.

पॅनेल स्क्रूंनी व प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांनी बसवलेले असते. स्क्रू बहुधा छोट्या टोपणांखाली दडलेले असतात, ते आधी शोधावेत. सगळे स्क्रू निघाल्याशिवाय ओढाओढ करू नये. लोखंडी पेचकस घालून उचकटण्याऐवजी लाकडाची चपटी पट्टी किंवा प्लॅस्टिकची कलथी वापरावी, म्हणजे कड चेपत नाही. थंडीच्या पहाटे खिट्ट्या कडक होऊन चटकन तुटतात, म्हणून ऊन जरा वर आल्यावर हे काम घ्यावे. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून वाटीवर चिठ्ठी लावावी. जोडताना डोक्याचा ताप वाचतो.

पूर्वमशागत

ऊस लावण्याआधी नांगरट, कुळवणी, सरी, हे सगळे मनाजोगे झाले की पुढचे पीक निम्मे हाताशी आले, हे आपल्याला सांगायला नको. येथेही निम्म्याहून अधिक काम रंगाआधीचे आहे, आणि क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. आधी धुणे, मग पुसणे, मग घासणे, मग पुन्हा पुसणे.

धुणे आधी का? डॅशबोर्ड चमकवण्यासाठी आपण जे पॉलिश लावतो त्यांतील बऱ्याच पॉलिशांत सिलिकॉन असते. ते वर्षानुवर्षे वर साचलेले असते. धुण्याआधीच पॉलिश पेपर फिरवला तर ते सिलिकॉन पेपरच्या चऱ्यांत खोल घुसते आणि मग निघत नाही. अशा जागी रंग फवारला की तो मागे सरकून गोल गोल खड्डे पडतात.

साबणाच्या कोमट पाण्याने, मऊ ब्रशाने, खोबणीतला मळ निघेपर्यंत भाग दोनदा धुवावा. स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाणी सारखे पसरले तर ठीक. एखाद्याच ठिकाणी थेंब गोळा होत असतील तर तेथे तेलकटपणा शिल्लक आहे असे समजावे. वाळल्यावर फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे, आणि फडके वरचेवर उलटावे, नाहीतर एका जागचे तेल दुसऱ्या जागी पसरते.

पेट्रोल, रॉकेल व रंगाचा थिनर यांनी पुसू नये. रॉकेल तेलकटपणा मागे ठेवते. पेट्रोल व थिनर एबीएसमध्ये शिरून बारीक तडे पाडतात, ते कधी आठवड्याने दिसतात. मीटरवरची पारदर्शक काच ही खरे तर प्लॅस्टिकची असते. तिला थिनर तर नाहीच, अल्कोहोलही लावू नये, ती कायमची अंधूक होऊ शकते.

हँडल किंवा बटणांवरचा मऊ लेप चिकट झाला असेल तर त्यावर रंग देऊन उपयोग नाही. दमट हवेने व उष्णतेने तो लेपच विघटत असतो. अल्कोहोलने भिजवून, चोळून तो मुळापासून काढावा. काम कंटाळवाणे आहे, पण बऱ्याच वेळा खाली कठीण, स्वच्छ प्लॅस्टिक निघते व रंगाची गरजच उरत नाही.

आता घासणे. गुळगुळीत भागावर ४०० नंबरने चकाकी मोडावी, मग ६०० नंबरने पाण्यासह हलक्या हाताने घासावे. चर पाडायचे नाहीत, फक्त पृष्ठभाग सगळीकडे सारखा निस्तेज दिसला पाहिजे. ज्या भागावर चामड्यासारखे दाणे उठवलेले आहेत तेथे पॉलिश पेपर वापरू नये, दाणे सपाट होऊन डाग दिसतात. तेथे हिरवी घासणी व साबणाचे पाणी पुरते. खोल ओरखडा असेल तर प्लॅस्टिकसाठीची पुट्टी पातळ भरावी. पत्र्याची पुट्टी ताठर असल्याने निसटते. शेवटी पुन्हा धुऊन, वाळवून, अल्कोहोलने पुसावे, आणि त्यानंतर भागाला उघडा हात लावू नये. बोटांचा घामही रंगाखाली डाग धरतो.

अस्तर आणि रंग

सगळे भाग एकदम घेऊ नयेत. नवे बियाणे आपण आधी दोन गुंठ्यांत लावून पाहतो, तसे येथेही एखादा लहान, दृष्टीआडचा भाग आधी पूर्ण करावा. दुसऱ्या दिवशी पूर्ण वाळल्यावर ब्लेडने उभ्याआडव्या चारसहा रेघा ओढून जाळी करावी, तीवर चिकटपट्टी घट्ट दाबावी व झटक्याने ओढावी. पट्टीबरोबर चौकोन निघून आले तर तयारी कमी पडली किंवा अस्तर चुकीचे निवडले. निघाले नाहीत तर बाकीचे भाग बेलाशक घ्यावेत. एका दिवसाची ही परीक्षा पुढचा सगळा मनस्ताप वाचवते.

पॉलिप्रॉपिलीनवर प्रथम अ‍ॅढीजन प्रमोटरचा एक अगदी पातळ थर द्यावा. त्यातले द्रव्य प्लॅस्टिकच्या जातीशी जुळणारे असते, म्हणून ते खाली प्लॅस्टिकला व वर रंगाला धरते. त्यानंतर डब्यावर लिहिलेल्या वेळेतच पुढचा थर दिला पाहिजे. वेळ टळली की पकड कमी होते. हा थर घासायचा नाही. मोटार बनवणाऱ्या कारखान्यांत पॉलिप्रॉपिलीनचे काही भाग रंगाआधी क्षणभर ज्योतीच्या झळेतून काढतात. ते यंत्राचे काम आहे. घरी गॅसची ज्योत फिरवण्याचा प्रयोग कोणी करू नये, भाग वाकडा होतो व हातही भाजतो.

मग प्लॅस्टिक प्रायमरचे एक किंवा दोन पातळ हात. एबीएस असेल तर येथूनच सुरुवात करावी. प्रायमरवर धुळीचा कण बसला असेल तर वाळल्यावर ६०० नंबरने हलकेच काढावा.

रंगाचा डबा आतली गोळी वाजू लागल्यापासून निदान दोन मिनिटे हलवावा. डबा भागापासून एक वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर दूर धरावा. बटण भागाच्या बाहेर दाबावे, हात सरळ रेषेत एका कडेपासून दुसऱ्या कडेपलीकडे न्यावा, आणि बाहेर गेल्यावरच बटण सोडावे. पुढची ओढ मागच्या ओढीवर निम्मी यावी. मनगट वळवून कमानीत फवारले तर मध्ये रंग दाट व कडेला विरळ बसतो.

पहिला हात दंव पडल्यासारखा असावा, खालचा रंग त्यातून दिसला तरी हरकत नाही. दहा ते पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकाच हातात सगळे झाकायची घाई केली की ओघळ आलेच. ज्यांना हात लागतो अशा पॅनेलवर शेवटी मॅट क्लिअर कोटचा एक हात द्यावा. काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसती वाफ येईपर्यंत बटण दाबावे, म्हणजे तोंड तुंबत नाही.

तासाभरात रंग हाताला सुका लागतो, पण त्यावर विश्वासू नये. भाग दुसऱ्या दिवशी बसवावेत, आणि निदान आठवडाभर त्यांवर पॉलिश, ओले फडके किंवा जड सामान नको. पहिले काही दिवस गाडी चालवताना काचा उघड्या ठेवाव्यात. लहान मुले आत असतील तर विशेषच.

हवा कशी असावी

पावसाळ्यात हे काम टाळावे. रंगातील द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, माठातले पाणी गार होते तसा. हवा दमट असली की त्या थंड पृष्ठभागावर बाष्प धरते आणि रंगावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसते. भर उन्हातही फवारू नये. तुषार भागावर पोहोचण्याआधीच अर्धे वाळतात व पृष्ठभाग खरखरीत होतो. पाऊस उघडल्यानंतरचा कोरडा काळ ते उन्हाळ्याचा आरंभ, सकाळी आठ ते अकरा, सावलीची व वारा पडलेली जागा, असा मुहूर्त उत्तम. अंगणात पाणी शिंपडून ठेवले तर धूळ उडत नाही.

आग आणि श्वास

स्प्रे डब्यातील दाबाचा वायू पेट घेणारा असतो. म्हणून पाचटाचा ढीग, कडब्याची गंजी, चूल, पाण्याचा बंब, यांच्या आसपास हे काम करू नये, आणि मारणाऱ्याच्या जवळ कोणी विडी-सिगारेट पेटवू नये. डबा ५० अंशांपेक्षा जास्त तापता कामा नये असे त्यावरच लिहिलेले असते. तेव्हा उरलेला डबा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत टाकून उन्हात उभे राहू नका. रिकामा डबाही विस्तवात टाकू नये, तो फुटतो.

पिकावर औषध फवारताना तोंडाला उपरणे बांधले की झाले, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. उपरण्याने तुषार थोडे अडतील, वाफ अडत नाही. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. कोळशाच्या डब्या असलेला, रंगकामाचा मास्क व हातमोजे वापरावेत. डोके जड वाटू लागले की काम थांबवून मोकळ्या हवेत जावे. अल्कोहोलचे व रंगाचे फडके बोळा करून कोपऱ्यात न टाकता उघड्यावर पसरून वाळवावे. उरलेला रंग किंवा थिनर पाटात, विहिरीजवळ अथवा शेतात ओतू नये.

बिघडले तर

ओघळ आला असेल तर ओल्यावर बोट लावू नये. दुसऱ्या दिवशी ६०० नंबरने पाण्यासह उतरवून पातळ हात द्यावा.

गोल खड्डे पडले असतील तर ते सिलिकॉन होय. वरून रंग देत राहिल्याने ते बुजत नाहीत. वाळल्यावर घासून, धुऊन पुन्हा सुरुवात करावी.

रंग सुरकुतला असेल तर दोन वेगळ्या जातींचे रंग एकावर एक आले, किंवा खालचा थर वाळण्याआधी जाड हात दिला गेला. पूर्ण काढून टाकण्यास पर्याय नाही.

पापुद्रे सुटत असतील तर त्यांवरच नवा हात चढवणे व्यर्थ. मूळ प्लॅस्टिकपर्यंत जाऊन अस्तरापासून काम करावे.

शेवटी थोडे हिशेबाचे

रंग हा नेहमीच पहिला उपाय नसतो. पांढुरके पडलेले काळे प्लॅस्टिक पुष्कळदा नीट धुतले व प्लॅस्टिकसाठीचे तेलरहित संरक्षक द्रव लावले तरी सुधारते. तडा गेलेले किंवा खिट्ट्या तुटलेले पॅनेल रंगाने सांधत नाही. तेथे जुन्या गाड्यांच्या बाजारातला चांगला भाग घेणेच फायद्याचे. बाहेरचा रंग बदलला तर गाडीच्या नोंदणीत तशी दुरुस्ती करावी लागते. आतल्या साजाच्या रंगाची मात्र नोंदणीत नोंद नसते, तेव्हा त्यासाठी परिवहन कार्यालयात खेटे घालायला नकोत.

ज्यांनी हे काम घ्यायचे ठरवले आहे त्यांनी दोन दिवस हाताशी ठेवावेत. पहिला सगळा दिवस धुण्याघासण्यात गेला तर वाईट वाटून घेऊ नये, तो दिवसच पुढची काही वर्षे रंगाला धरून ठेवणार आहे. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एअरबॅगची अक्षरे कोठे कोठे आहेत ती शोधून त्या जागांवर कागद चिकटवून टाकावा. घरातली पोरे हौसेने मदतीला येतात, त्यांनाही त्या जागा दाखवून ठेवाव्यात, आणि प्रत्यक्ष फवारणीच्या वेळी त्यांना लांब ठेवावे.